मेम्फिस ते किलमायकल : बी. बी. किंगच्या वाटेने, उलट्या क्रमाने

ब्लूज या अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या संगीताच्या नावाने मिसिसिपी राज्यात येणारे बहुतेक लोक सरळ क्लार्क्सडेलचा तो चौक गाठतात, खांबावरच्या निळ्या गिटारींखाली फोटो काढतात आणि ब्लूज गिटारवादक रॉबर्ट जॉन्सनने सैतानाला आत्मा विकला ती गोष्ट पुन्हा एकदा ऐकून परततात. ब्लूजचा गायक-गिटारवादक बी. बी. किंग याच्या बाबतीत सैतानाची गरज पडत नाही. तो कुठे जन्मला, पहिल्या तीन कॉर्ड त्याला कोणी दाखवल्या, कोणत्या कोपऱ्यावर उभा राहून गायला, कोणत्या रेडिओमुळे त्याला नाव मिळालं, हे सगळं माहीत आहे आणि यातलं जवळजवळ प्रत्येक ठिकाण गाडीने गाठता येतं.

प्रवास मात्र उलटा करावा. आधी मेम्फिस, जिथे रायली किंगचा बी. बी. झाला. मग खाली डेल्टात, म्हणजे मिसिसिपी नदीकाठच्या सपाट कापूसपट्ट्यात, आणि शेवटी पूर्वेच्या टेकड्यांत, जिथे लहानपणी त्याने गिटार हातात घेतली. आधी तयार झालेला आवाज कानात बसवायचा आणि मग त्यातली एकेक गोष्ट कुठून आली ते पाहत जायचं. मे २०१५ मध्ये त्याची अंत्ययात्राही मेम्फिसच्या बील स्ट्रीटवरून निघून हायवे ६१ ने इंडियानोलाला गेली होती.

निघण्याआधी

गाडी मेम्फिस विमानतळावर घ्यावी आणि तिथेच परत करावी. दुसऱ्या शहरात सोडली तर वेगळे पैसे लागतात. भारतीय लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना जवळ असू द्या. एकूण अंतर साडेचारशे मैलांच्या आसपास आहे. चौपदरी रस्त्यावर ताशी ६५ मैलांची मर्यादा असते, गाव आलं की ती एकदम ३५ वर येते, आणि पोलिसाची गाडी नेमकी त्याच पाटीच्या पुढे उभी असते.

ऑक्टोबर सर्वांत बरा. कापूस वेचणी चालू असते आणि उकाडा उतरलेला असतो. जुलै-ऑगस्टमध्ये पस्तीस अंशांवर दमट हवा आणि डास असतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला हेलेनात किंग बिस्किट ब्लूज फेस्टिव्हल भरतो, त्या आठवड्यात हेलेना आणि क्लार्क्सडेल दोन्हीकडे खोली मिळणं कठीण. लहान संग्रहालयं रविवारी-सोमवारी बंद असतात किंवा उशिरा उघडतात, त्यामुळे निघायचा वार इंडियानोलाच्या संग्रहालयावरून ठरवावा, विमानाच्या तिकिटावरून नव्हे.

दिवस पहिला : मेम्फिस

सकाळी युनियन अ‍ॅव्हेन्यूवर ७०६ क्रमांकाचा सन स्टुडिओ. तासाभराच्या फेरीत एल्विस प्रेस्लीच जास्त भेटतो. पण सॅम फिलिप्सने ही खोली १९५० मध्ये सुरू केली ती प्रामुख्याने इथल्या काळ्या कलाकारांचं ध्वनिमुद्रण करण्यासाठी, आणि बी. बी.च्या आरपीएम कंपनीसाठीच्या सुरुवातीच्या काही तबकड्या एल्विसच्या कितीतरी आधी इथे झाल्या. ज्या ‘थ्री ओ'क्लॉक ब्लूज’ने १९५२ मध्ये त्याला आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) गाण्यांच्या यादीत अव्वल नेलं, ते गाणं मात्र स्टुडिओत झालेलंच नाही. मेम्फिसच्या वायएमसीएच्या खोलीत नेऊ-आणू शकणारी यंत्रं लावून ते ध्वनिमुद्रित झालं. ती तबकडी ऐकताना आवाज खोलीच्या टोकाहून आल्यासारखा वाटतो, त्याचं कारण तिथे आहे.

दुपारी डब्ल्यूडीआयएची गोष्ट समजून घ्यावी. हे रेडिओ स्टेशन गोऱ्यांच्या मालकीचं. धंदा बुडत चालला, तेव्हा १९४८ मध्ये त्यांनी नॅट डी. विल्यम्स या काळ्या निवेदकाला माइकसमोर बसवलं, आणि पुढे संपूर्ण कार्यक्रम काळ्या श्रोत्यांसाठी करणारं ते अमेरिकेतलं पहिलं स्टेशन ठरलं. बी. बी.ला इथे काम मिळालं ते पेप्टिकॉन नावाच्या टॉनिकची जाहिरात गाण्याचं. या ‘औषधात’ मद्यार्क भरपूर असल्याने खप चांगला होता. ‘बील स्ट्रीट ब्लूज बॉय’ हे त्याचं रेडिओवरचं नाव, त्याचं झालं ‘ब्लूज बॉय’ आणि पुढे नुसतं बी. बी. १९५४ मध्ये स्टेशनची ताकद ५०,००० वॉटवर गेली आणि आवाज साऱ्या डेल्टात पोचू लागला. पण बी. बी.ला सर्वांत मोठा फायदा झाला तो वादक म्हणून नव्हे. रेडिओवर इतरांच्या तबकड्या लावताना त्याला जॅझ, गॉस्पेल (चर्चमधली भक्तिगीतं), कंट्री सगळं रोज ऐकावं लागलं. टी-बोन वॉकर, लॉनी जॉन्सन, चार्ली ख्रिश्चन आणि फ्रान्सचा जँगो राइनहार्ट हे गिटारवादक त्याच्या वाजवण्यात शेजारी शेजारी बसतात ते म्हणूनच.

संध्याकाळी बील स्ट्रीट. पूर्वी इथे पॅलेस थिएटर होतं, रूफस थॉमस हौशी कलाकारांची रात्र चालवायचा, आणि बी. बी. तिथे वाजवायला यायचा. आज गल्लीच्या तोंडाशी त्याच्या नावाचा क्लब आहे, १९९१ पासूनचा. बँड सफाईने वाजवतात, पण गर्दी पर्यटकांची असल्यामुळे ओळखीची सोल आणि रॉक गाणीच जास्त होतात. वयाच्या पुराव्यासाठी पासपोर्ट जवळ ठेवा, आणि एक-एक डॉलरच्या नोटा बादलीत टाकण्यासाठी. साउथ मेन स्ट्रीटवरचं ब्लूज हॉल ऑफ फेम छोटं आहे, दीड तासात होतं. वेळ कमी असेल तर तेही सोडा, पण त्याच्या जवळचं लोरेन मोटेल, जिथे १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंगची हत्या झाली, ते सोडू नका.

दिवस दुसरा : वेस्ट मेम्फिस, ट्विस्ट, हेलेना

आठच्या आत निघा. दुपारी सव्वाबाराला हेलेनात असायचं आहे.

पूल ओलांडला की आर्कान्सा राज्य. वेस्ट मेम्फिसमध्ये पाहायला फारसं काही उरलेलं नाही, तरी गावातून गाडी हळू न्यावी. १९४८ मध्ये बी. बी. केडब्ल्यूईएम रेडिओवर हार्मोनिकावादक सनी बॉय विल्यमसनकडे गेला आणि एक गाणं म्हणू द्या म्हणाला. सनी बॉयने त्या रात्री दोन ठिकाणी कबूल करून ठेवलं होतं, त्यातली कमी पैशांची बिदागी त्याने या पोराकडे सरकवली. ती होती सोळाव्या रस्त्यावरच्या ग्रिलमधली, रात्रीचे बारा डॉलर. मालकीणबाईंना गडी आवडला, पण अट एकच: सनी बॉयसारखा तूही रेडिओवर असलास तर दुकानाची जाहिरात होईल आणि काम पक्कं. म्हणून तो दुसऱ्या दिवशी गिटार घेऊन डब्ल्यूडीआयएच्या दाराशी. कालच्या मेम्फिसची सुरुवात या गावात झाली ती अशी.

तिथून ट्विस्ट तासाभरावर. गाव म्हणावं असं काही नाही: शेतं, थोडी घरं, रस्त्याकडेला पाटी. १९४९ च्या हिवाळ्यात इथल्या नाचघरात बी. बी. वाजवत होता. खोली उबदार ठेवायला मध्यभागी रॉकेलने अर्ध्या भरलेल्या पिंपात जाळ केलेला असायचा. ही त्या काळची सर्रास पद्धत. दोन पुरुषांचं भांडण जुंपलं, धक्क्याने पिंप कलंडलं आणि पेटलेलं रॉकेल लाकडी जमिनीवर पसरलं. सगळे बाहेर पळाले. बी. बी.ही पळाला, आणि गिटार आत राहिली म्हणून पुन्हा आत शिरला. गिटार तीस डॉलरची, पण दुसरी घ्यायला पैसे नव्हते. आगीत दोघे गेले. भांडण लूसिल नावाच्या बाईवरून होतं हे दुसऱ्या दिवशी कळलं, आणि असला वेडेपणा पुन्हा करायचा नाही याची आठवण म्हणून त्याने गिटारीला तेच नाव दिलं. पुढच्या साऱ्या गिटारी लूसिलच.

ट्विस्टहून हेलेना दीड तास. डेल्टा कल्चरल सेंटरमध्ये ‘किंग बिस्किट टाइम’ हा कार्यक्रम प्रक्षेपित होतो. नोव्हेंबर १९४१ पासून चालत आलेला, सोमवार ते शुक्रवार, सव्वाबारा वाजता. काचेपलीकडून पाहता येतो. नाव पिठाच्या एका ब्रँडवरून आलेलं, बी. बी.शी त्याचा संबंध नाही. पण इंडियानोलाच्या शेतात दुपारच्या सुट्टीत तो हाच कार्यक्रम ऐकायचा आणि त्यात सनी बॉय वाजवायचा, त्यामुळे वेस्ट मेम्फिसला सनी बॉयच्या समोर उभं राहताना त्याला तो माणूस ओळखीचा वाटला.

हेलेनाचा पूल ओलांडून हायवे ४९ आणि ६१ ने तासाच्या आत क्लार्क्सडेल. रात्री इथल्या एखाद्या ज्यूक जॉइंटमध्ये (गाणंबजावणं चालणाऱ्या साध्या दारूच्या अड्ड्यात) बसावं. दाराशी दहा-पंधरा डॉलर रोख लागतात, कार्डाचं यंत्र असेलच असं नाही. जाहिरातीत नऊ लिहिलेलं असलं तरी दहाच्या आधी सूर लागत नाही.

दिवस तिसरा : क्लार्क्सडेल ते इंडियानोला

सकाळी डेल्टा ब्लूज म्युझियम, रेल्वेच्या जुन्या मालधक्क्याच्या इमारतीत. ब्लूजगायक मडी वॉटर्स ज्या खोपटात राहायचा त्याच्या लाकडी भिंती इथे उभ्या केल्या आहेत. दीड-दोन तास पुरतात.

पुढे बहुतेक लोक हायवे ६१ धरतात, सरळ आणि जलद. तो सोडून ४९ ने जावं. गावाबाहेर तीन मैलांवर हॉपसनचा मळा लागतो. १९४४ मध्ये इथे पेरणीपासून वेचणीपर्यंत सगळं काम यंत्राने करून कापसाचं पीक काढून दाखवलं गेलं. त्यानंतर वेचणाऱ्या हातांची गरज झपाट्याने घटत गेली आणि शिकागोकडे जाणाऱ्या गाड्या भरू लागल्या. ट्रॅक्टर चालवता येणारा मात्र अजून हवा होता, आणि तरुण रायली किंग तेच काम करत होता.

टटवायलरला संगीतकार डब्ल्यू. सी. हँडीने १९०३ च्या सुमारास रेल्वे स्टेशनवर एका माणसाला चाकूने गिटारीच्या तारा घासत वाजवताना ऐकलं. स्टेशन उरलेलं नाही. इथून ४९ चा पश्चिम फाटा धरा. थोड्याच वेळात उजव्या हाताला पार्चमन तुरुंग येतो. समोर गाडी थांबवू नका, फोटो काढू नका, चालत राहा.

पार्चमनचा या प्रवासाशी संबंध बुक्का व्हाइटमुळे. बी. बी.च्या आईचा हा मावस-चुलत भाऊ १९३७ ते १९३९ इथे कैदी होता. १९४६ मध्ये बी. बी. पहिल्यांदा मेम्फिसला पळून गेला तेव्हा राहिला याच्याकडे, जवळजवळ दहा महिने. बुक्का धातूची नळी तारेवर सरकवून वाजवायचा. बी. बी.ला ते कधीच जमलं नाही. त्या थरथरत्या, माणसाच्या गळ्यासारख्या आवाजाची ओढ मात्र सुटेना, म्हणून तो नळीशिवाय, नुसत्या बोटाने काढायला लागला. त्याची ओळख बनलेला कंप हा असा न जमलेल्या वाद्यप्रकारातून आला.

कसा करायचा तो: पहिल्या बोटाचं टोक तारेवर रोवायचं. अंगठा गिटारीच्या मानेमागून सोडायचा, तळहाताची कडही मानेला टेकू द्यायची नाही. हात आता फक्त त्या एका टोकावर तोललेला. मग मनगट कुलूप उघडल्यासारखं गोल फिरवायचं, बोटाचे सांधे न हलवता. बाकीची बोटं मोकळी फडफडतात. नवशिक्याचं चुकतं ते अंगठ्यात. तो मागून दाबून धरला की मनगट अडकतं, मग जोर बोटाच्या पेरांतून येतो, कंप आखडतो आणि स्वर वरच्या बाजूला बेसूर होतो. दुसरी चूक घाईची. स्वर सरळ लागून स्थिर झाल्यावर कंप सुरू व्हायला हवा. पहिल्या क्षणापासून हलवलेला स्वर नुसता घाबरलेला वाटतो.

रूलव्हिलला उजवीकडे वळून हायवे ८ ने डॉकरीचा मळा पाहून यावं. सुरुवातीच्या ब्लूजगायकांपैकी चार्ली पॅटन इथला. कापसाचा जिन (सरकी काढायचा कारखाना) आणि गोदामं नीट राखली आहेत, अर्धा तास पुरे. परत रूलव्हिल, आणि ४९ पश्चिमने खाली इंडियानोला.

जेवणाबद्दल एकदाच सांगायचं, कारण शाकाहारी माणसाचे इथे हाल होतात. कोलार्ड ग्रीन्स ही पालेभाजी असली तरी डुकराच्या हाडाबरोबर शिजवतात, घेवड्याच्या उसळीचंही तेच. टमाली (मक्याच्या पिठाचे वाफवलेले रोल) मांसाच्याच. कॉर्नब्रेडमध्येही चरबी असू शकते. विचारून घ्या. तळलेली भेंडी, रताळं, मॅकरोनी यांवर भागतं, पण तळायचं तेल मासळी तळलेलंच असतं.

दिवस चौथा : इंडियानोला

दिवस इथेच घालवा. घाईने दोन तासांत संग्रहालय उरकून निघून जाणारे पुष्कळ दिसतात.

सकाळी आधी चर्च स्ट्रीट आणि सेकंड स्ट्रीटचा कोपरा. फुटपाथच्या सिमेंटमध्ये बी. बी.च्या हातापायांचे ठसे आहेत. १९४० च्या दशकात शनिवारी तो इथे गिटार घेऊन उभा राहायचा. गॉस्पेल गायलं की लोक पाठ थोपटायचे, ब्लूज गायला की नाणं टाकायचे. एका संध्याकाळी आठवडाभराच्या मजुरीपेक्षा जास्त सुटायचे. त्याने ब्लूज का निवडला याचं याहून साधं उत्तर नाही.

बी. बी. किंग म्युझियम २००८ मध्ये उघडलं, सेकंड स्ट्रीटवर. इमारतीचा एक भाग म्हणजे विटांचा जुना जिन, ज्यात तो स्वतः राबला. आतला क्रम चांगला लावलाय आणि गोऱ्या-काळ्यांच्या इतिहासावर पांघरूण घातलेलं नाही. घालणं शक्यही नव्हतं: काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळांत प्रवेश मिळू नये म्हणून लढणारी व्हाइट सिटिझन्स कौन्सिल १९५४ मध्ये याच गावात स्थापन झाली.

ट्रॅक्टरचा प्रसंग इथेच समजून घ्यावा. १९४६ च्या मे महिन्यात दिवसभराची नांगरट संपवून रायलीने ट्रॅक्टर शेडपाशी आणला, इंजिन बंद केलं आणि उतरला. तापलेल्या पेट्रोल इंजिनात आतली काजळी निखाऱ्यासारखी लाल असते, त्यामुळे बंद केल्यावरही एखादा ठोका पेटतो. ट्रॅक्टर उसळून पुढे गेला आणि धुराड्याची नळी छपराला लागून मोडली. मालक जॉन्सन बॅरेट काय म्हणेल या धास्तीने तो गिटार आणि अडीच डॉलर घेऊन मेम्फिसला पळाला. पुढे परत येऊन नुकसान फेडलं, आणि १९४८ मध्ये रीतसर निरोप घेऊन गेला.

लूसिलच्या काचेसमोर गिटार वाजवणाऱ्यांनी जरा जास्त थांबावं. बी. बी.ची आवडती गिब्सन ईएस-३५५ अर्धपोकळ असते: मधे लाकडी ठोकळा, दोन्ही बाजूंना पोकळी आणि इंग्रजी एफच्या आकाराची दोन छिद्रं. आवाज मोठा केला की स्पीकरचा नाद छिद्रांतून आत शिरतो, खोडाला घुमवतो आणि भोंग्यासारखा सूर सुरू होतो. बी. बी. छिद्रांत फडकी कोंबायचा. १९८० मध्ये गिब्सनने त्याच्या नावाचं मॉडेल काढलं तेव्हा छिद्रंच काढून टाकली. तारा: .०१०, .०१३, .०१७, .०३२, .०४५, .०५४ इंच. वरच्या तीन बारीक, कारण ओढायच्या त्या, आणि खालच्या जाड.

तार ओढणं म्हणजे सतारीवरची मींडच, फक्त पडदे गिटारीचे. तिसरं बोट तारेवर, पहिली दोन त्याच तारेवर मागून आधाराला. एकट्या बोटाने ओढलं की स्वर अर्ध्यावर अडकतो.

त्याची हुकमी जागा अगदी छोटी आहे. ए सुरात वाजवायचं तर दुसऱ्या तारेवर दहावा पडदा म्हणजे षड्ज, तिथे पहिलं बोट. त्याच तारेवर बाराव्यावर रिषभ, तो एक पडदा ओढला तर कोमल गंधार, दोन पडदे ओढला तर शुद्ध. ब्लूजचा जीव या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. पहिल्या तारेवर दहाव्यावर मध्यम, बाराव्यावर पंचम, आणि तो ओढला की धैवत. तिसऱ्या तारेवर अकराव्यावर खालचा धैवत. तीन तारा, जेमतेम पाच जागा. ‘द थ्रिल इज गॉन’ बी मायनरमध्ये आहे, म्हणून तिथे षड्ज दुसऱ्या तारेच्या बाराव्या पडद्यावर येतो. १९६९ च्या त्या ध्वनिमुद्रणात स्वर किती कमी आहेत ते मोजून पाहावं. गाताना तो वाजवत नाही, वाजवताना गात नाही. गळ्याने सोडलेलं वाक्य गिटार उचलते.

संग्रहालयाच्या आवारातच त्याची समाधी. १४ मे २०१५ रोजी लास व्हेगासमध्ये तो गेला, ३० मे रोजी इथे दफन झालं.

दुपारी हॅना अ‍ॅव्हेन्यूवरचा क्लब एबनी पाहा. दुसऱ्या महायुद्धानंतर उघडलेला हा क्लब बी. बी.ने २००८ मध्ये विकत घेतला, आता तो संग्रहालयाकडे आहे. रोज उघडा नसतो. कार्यक्रम कधी आहे ते संग्रहालयातच विचारा.

दिवस पाचवा : बर्क्लेअर, ग्रीनवुड, किलमायकल

हायवे ८२ ने पूर्वेकडे. इटा बीनाच्या अलीकडे बर्क्लेअर, जिथे १६ सप्टेंबर १९२५ रोजी अल्बर्ट आणि नोरा एला किंग या बटाईदार जोडप्याच्या पोटी रायली जन्मला. घर नाही. शेत आहे आणि मिसिसिपी ब्लूज ट्रेलची निळी पाटी. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्या, कारण मधे रेंज जाते. पाऊस झाला असेल तर डांबर सोडू नका. इथली काळी चिकण माती विदर्भातल्या काळ्या रानासारखी चाकाला बिलगते, आणि कच्च्या रस्त्यावर अडकलेल्या भाड्याच्या गाडीचा खर्च विमा बहुधा देत नाही.

ग्रीनवुडला हॉवर्ड स्ट्रीटवर २२२ क्रमांकाशी थांबा. इथे डब्ल्यूजीआरएम रेडिओचा स्टुडिओ होता आणि बी. बी. पहिल्यांदा रेडिओवर गायला तो इथूनच, सेंट जॉन्स गॉस्पेल सिंगर्सबरोबर. ब्लूज नव्हे, भजनं.

ग्रीनवुड सोडलं की काही मैलांत जमीन चढू लागते. सपाट डेल्टा संपला. विनोना ओलांडून पुढे अकरा-बारा मैलांवर किलमायकल. पर्यटक फारसे येत नाहीत, दुकानं चार वाजता मिटतात. आई-वडील वेगळे झाल्यावर रायली इथे आजीकडे वाढला. दहा वर्षांचा होण्याआधीच आई गेली, १९४० मध्ये आजीही. एका मावशीआजीकडे ग्रामोफोन होता, त्यावर ब्लाइंड लेमन जेफरसन आणि लॉनी जॉन्सन. आणि रविवारच्या प्रार्थनेत रेव्हरंड आर्ची फेअर इलेक्ट्रिक गिटार वाजवायचे. प्रार्थनेनंतर ते नातेवाइकांकडे जेवायला येत आणि गिटार पलंगावर ठेवत. पोराने ती हळूच उचलली, पकडला गेला, आणि रागावण्याऐवजी रेव्हरंडनी त्याला तीन कॉर्ड दाखवल्या: पहिली, चौथी, पाचवी.

ए सुरात त्या ए, डी, ई. चार मात्रांचा एक खंड धरला तर ए चार खंड, डी दोन, ए दोन, ई एक, डी एक, ए दोन. बारा खंड झाले की पुन्हा पहिल्यापासून. इथून मेम्फिसपर्यंत परतीच्या वाटेवर बी. बी.ची अशा बारा खंडांची एखादी संथ तबकडी लावून हे खंड बोटांवर मोजता येतील. विनोनाला मागे येऊन आय-५५ धरा, उत्तरेकडे दोन तास. गाडी परत करण्याआधी पेट्रोल विमानतळापासून थोडं आधीच भरून घ्या, अगदी दाराशी महाग पडतं.